बटण कोणी दाबायचं

चक्कर येऊन पडणारा पेशंट समोर बसला की मी पहिला प्रश्न छातीबद्दल विचारत नाही. "तुम्ही पडता तेव्हा जवळ कोण असतं?" असं विचारते. नवे डॉक्टर माझ्याकडे जरा चमकून बघतात. बघू देत. हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेला नाही. लासलगावच्या कांद्याच्या खळ्यावर काम करणाऱ्या एका बाईने शिकवला, आणि माझ्या डोक्यात तो शिरेपर्यंत तिला बऱ्याच वेळा जमिनीवर आपटावं लागलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमध्ये शालिमारच्या मागच्या अंगाला असलेल्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात मी टेक्निशियन होते. ईसीजी काढायचा, ट्रेडमिलवर पेशंटला चालवायचं आणि होल्टर लावायचं, ही माझी कामं. होल्टर म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायची एक डबी. आत कॅसेट, आणि डबीतून निघून छातीवर चिकटवलेल्या वायरी. चोवीस तास हृदयाचा ठोका न् ठोका त्या कॅसेटवर उतरायचा. दुसऱ्या दिवशी मी ती मोठ्या यंत्रात घालायचे आणि माणसाचा अख्खा दिवस अर्ध्या तासात पडद्यावरून पळवायचे. मला ते काम मनापासून आवडायचं, कारण माझा स्वभाव पहिल्यापासून घायकुतीचा. दूध तापेपर्यंत मी ओट्याशी उभी राहू शकत नाही, म्हणून आमच्याकडे दूध कायम उतू जातं. आमची आई म्हणायची, हिला एका जागी बसवायचं तर बांधूनच ठेवायला हवं.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याबरोबर तिचा नवरा होता. ती तिशीच्या आतबाहेरची, अंगाने काटक, हिरव्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. नवरा एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर होता, बाजार समितीत कांदा घेऊन जायचा. बोलायचं काम त्याचं, ती नुसती खाली बघत होती.

"मॅडम, ही पडती," तो म्हणाला. "म्हैन्यातून येकदा, कधी दोनदा. आदी कायबी सांगत नाय, धाडकन पडती. मिंटाभरानं उठती आन म्हंती कायच झालं नाय."

कुठल्याशा डॉक्टरांनी फिट समजून गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, पण पडायचं काही थांबलं नव्हतं. सासूचं म्हणणं वेगळंच होतं. आधी ती म्हणायची, हे बाहेरचं आहे. देवऋषी करून झाला, उतारे टाकून झाले, तेव्हापासून म्हणायला लागली, हे नाटक आहे, कामाचा कंटाळा. यांना चार वर्षांची एक मुलगी होती. पडेल म्हणून तिला आईच्या कडेवर कोणी देत नव्हतं. सासूने तर सांगूनच टाकलं होतं की हिला माहेरी धाडा, पोरगी इथेच राहील. नवऱ्याने हे सगळं तिच्यादेखत सांगितलं, आणि ती तेव्हाही खालीच बघत राहिली.

डॉक्टरांनी तपासलं. ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता. ते म्हणाले, होल्टर लावा. मी लावलं. त्याच्याबरोबर एक कागद द्यायची पद्धत असते. किती वाजता काय केलं, काय त्रास झाला, हे त्यावर लिहायचं. कागदाची आणि डबीची सगळी माहिती मी नवऱ्याला दिली. बाईबरोबर जो पुरुष येतो त्याला सगळं समजावायचं, हे आमच्याकडे इतकं ठरून गेलेलं होतं की त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नाही. डबी भिजवू नका, आपटू नका, वायरी ओढू नका, फार महागाची वस्तू आहे, हे मी चार वेळा बजावलं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. सुवाच्य अक्षरात भरलेला होता. सहा वाजता चहा. साडेसहा ते नऊ आराम. नऊला जेवण. साडेनऊ ते बारा आराम. बारा वाजता शेजारचे मशीन बघायला आले. साडेबारा ते पाच आराम. तिने त्या दिवशी अंगणसुद्धा झाडलं नव्हतं. जावेने भाकरी थापल्या, सासूने, तीच ती सासू, हातात चहा आणून दिला. घरात मशीन आलंय म्हटल्यावर सगळ्यांनी मशीनचा पाहुणचार केला होता. आम्हाला तिचा रोजचा दिवस हवा होता, त्यांनी आम्हाला सणाचा दिवस पाठवला.

कॅसेट स्वच्छ निघाली. महिन्याभराने पुन्हा लावलं, पुन्हा स्वच्छ. खरं तर साधा हिशेब होता. महिन्यातून एकदा येणारा माणूस एकच दिवस दारात उभं राहून आपल्याला कसा भेटणार? पण दवाखान्यात यंत्र होतं ते होल्टर. जे असेल ते लावायचं आणि त्यात काही निघालं नाही की पेशंटला काही नाही म्हणायचं, हा सोपा रस्ता होता. दुसरा रिपोर्ट तिच्या हातात देताना मी म्हणाले, "सगळं छान आहे ताई. टेन्शन घेऊ नका. मन रमवा जरा."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती. मग रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला आणि गेली. ते बघणं मला दिवसभर बोचत राहिलं. का बोचतंय ते कळत नव्हतं, म्हणून मी दिवसभर इतरांवर खेकसत राहिले.

तीन आठवड्यांनी ती परत आली ती भुवईवर टाके घेऊन. खळ्यावर बसल्या जागी कोसळली होती आणि लोखंडी पाटीची कड लागली होती. नवरा केसपेपर काढायला गेला, तेव्हा माझ्या खोलीत आम्ही दोघीच. ती एकदम बोलायला लागली.

"मॅडम, काईतरी निगू द्या. मला नाटकी म्हंत्यात. मी रोज देवाला म्हंते, मशीन लावलंय तवर येकदा पाड मला."

माझ्या हातात जेलची बाटली होती, ती मी उगाचच पुसत राहिले. रिपोर्ट चांगला यावा म्हणून नवस बोलणारे पेशंट मी शेकड्याने पाहिले होते. वाईट यावा म्हणून देवाला विनवणारी हीच पहिली. आणि तिच्यावर ही वेळ आणण्यात माझ्या त्या तीन वाक्यांचाही वाटा होता, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

त्या दुपारी मी डॉक्टरांच्या मागेच लागले. तिच्या छातीत पेसमेकर बसवून टाका, असं म्हणण्यापर्यंत माझी मजल गेली. ते शांतपणे म्हणाले, पुराव्याशिवाय मी कुणाच्या छातीत यंत्र घालणार नाही, आधी पडण्याच्या क्षणी तिचं हृदय काय करतं ते मला दाखव. मग आम्ही दोघं बसलो आणि कोणतं यंत्र लावायचं यावर खल केला. तिसऱ्यांदा होल्टर लावण्यात अर्थ नव्हता. दुसरं एक यंत्र होतं पत्त्याच्या पानाएवढं. छाती धडधडायला लागली की खिशातून काढायचं, छातीवर टेकवायचं आणि बटण दाबायचं. धडधड होणाऱ्याला ते ठीक. पण जी बाई काही कळायच्या आत बेशुद्ध होते ती खिशातून काय काढणार? कातडीखाली बसवायचं एक यंत्र निघालंय असं डॉक्टर परदेशी मासिकात वाचून सांगत होते, पण त्याचं आम्ही तोवर नुसतं ऐकलंच होतं. राहिलं एक, लूप रेकॉर्डर. पेजरसारखी डबी, दोनच वायरी, महिनाभर अंगावर वागवता येते. ती सतत नोंद करत राहते आणि जुनी पुसत राहते. बटण दाबलं की मात्र मागची काही मिनिटं पक्की होतात. म्हणजे माणूस पडून गेल्यावर दाबलं तरी पडण्याचा क्षण हाती लागतो. दाबायचं मात्र लगेच. उशीर झाला की तेवढंच पुसलं जातं.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस तेव्हा हे यंत्र बॅगेत घालून फिरत असे. डॉक्टरांनी त्याच्याकडून ते महिन्यासाठी वापरून बघायला मागवलं. एकच नग होता, आणि महिना संपला की तो दुसऱ्या शहरात जायचा होता. त्याने मला सगळं शिकवलं. म्हणाला, पेशंटने बटण दाबलं की झालं.

"पडलेल्या पेशंटने?" मी विचारलं.

"शुद्धीवर आल्यावर. नाही तर घरच्यांनी."

घरच्यांनी. तो शब्द मी उचलला आणि तिथेच फसले. तिच्या नवऱ्याला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि दोन तास खर्ची घालून बटण शिकवलं. पडली की दाबायचं. मग फोनवरून आम्हाला पाठवायचं, म्हणजे नंबर लावायचा आणि डबी रिसीव्हरच्या तोंडाशी धरायची, ती चिरकते, त्या आवाजातून इकडे आमच्या कागदावर आलेख उमटतो. या वेळी मशीनचा पाहुणचार नको, रोजचं काम करू द्या, असं मी हात जोडून सांगितलं. तो शहाणा माणूस होता, सगळं नीट ऐकून घेतलं. ती शेजारी उभी राहून ऐकत होती. तिला मी फक्त वायरींच्या पट्ट्या छातीवर चिकटवायला शिकवल्या.

त्यानंतर मला चैन म्हणून पडेना. फोन वाजला की मी उठायचे. ट्रेडमिलवर पेशंट चालत असताना तिकडे रिसेप्शनवर घंटी झाली तरी माझा एक कान तिकडे. लोक अपॉइंटमेंट विचारायचे आणि मी त्यांना अशा आवाजात उत्तर द्यायचे की त्यांनी बिचाऱ्यांनी फोनच का केला असं त्यांना वाटावं. दहा दिवस गेले. पंधरा गेले. एक बाई पडावी म्हणून मी वाट बघत होते, आणि वाट बघतेय याचा मला रागही येत होता.

सतराव्या दिवशी फोन नाही, नवराच आला. हातात एक पुडकं. वर नवा खण गुंडाळलेला, सोडला तर आत डबी, आणि डबीवर हळद-कुंकवाची बोटं.

ती आदल्या दिवशी पडली होती. खळ्यावर. तो तेव्हा बाजार समितीत लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर घेऊन उभा होता. खळ्यातल्या बायकांनी तिला उचललं, कांदा फोडून नाकाला लावला, आणि तिच्या अंगावरच्या त्या डबीतून शिट्टीसारखा आवाज येतोय म्हटल्यावर करंट लागतोय असं समजून वायरी उपटून काढल्या. मग वस्तू महागाची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून खणात गुंडाळून खळ्यातल्या देवाच्या फोटोपुढे ठेवली. तो सहा वाजता परत आला, त्याला कळलं, आणि तो धावत त्या फोटोपाशी गेला.

"तुमी सांगितल्यापरमानं बटन दाबलं, मॅडम," तो म्हणाला.

मी डबी यंत्राला जोडली. कागदावर एक वेडीवाकडी रेघ आली, कुणाच्याच हृदयाची नसलेली. आम्ही देवाच्या फोटोचा ईसीजी काढला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला मी वाटेल ते बोलले. इतकं साधं सांगितलेलं कळत नाही का, असंही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ती दिसभर खळ्यावर असती. मी नसतो ना तितं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी खुर्चीत बसले. इतक्या वेळा हे लोक माझ्यासमोर बसून गेले होते, आणि ती कुठे असते, कुणाजवळ असते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. यंत्र निवडलं होतं अगदी बरोबर. माणूस निवडायचा राहिला होता.

दरम्यान तिच्या सासूला तिसरा पुरावा मिळाला होता. एवढं महिनाभराचं मशीन लावलं, त्यातही काही आलं नाही.

दोन दिवसांनी मी रजा टाकली आणि डबी पर्समध्ये घालून सकाळच्या बसने लासलगावला गेले. नवरा स्टँडवर आला होता, त्याने खळ्यावर सोडलं. पत्र्याची मोठी शेड, समोर कांद्याचे ढीग, आणि बारदानावर ओळीने बसलेल्या पंधराएक बाया. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका मागे, असे त्यांचे हात न बघता चालत होते. ती तिसरी बसली होती. मला बघून तिने पदर सारखा केला. सगळ्यांत वयस्कर बाई म्हणजे मुकादमीण. या बायांना कामावर आणणारी आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारी. दातांना मिश्री, आवाज खणखणीत.

"ही पडली की तुम्ही काय करता ते मला करून दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी करून दाखवलं. ती नको नको म्हणत असताना तिलाच आडवं केलं. एकीने डोकं मांडीवर घेतलं, एकीने जमिनीवर आपटून कांदा फोडला, एकीने पोलक्याची बटणं सैल केली. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नाहीत. आमच्या दवाखान्यातला स्टाफ इतका तयार नव्हता.

"आन त्या दिवशी वायरी मीच उपटल्या," मुकादमीण म्हणाली. "डबी शिट्टी मारत व्हती. मला वाटलं, आदीच पडलीय, वरून ही करंट सोडती. आमाला कुनी सांगितलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणाले. "चूक माझीच आहे."

मग मी त्यांच्यात बारदानावर बसले, डबी पुन्हा तिच्या कमरेला लावली आणि सांगितलं. शिट्टी वाजते ती वायर निघाली की वाजते, तिच्यात करंट नसतो. पडली की आधी बटण दाबायचं, मग कांदा लावायचा. वायरी काढायच्या नाहीत. आणि मग खळ्याच्या मालकाच्या, शेटच्या ऑफिसातून मला फोन. मुकादमिणीने ते एका दमात पाठ केलं आणि ओळीला म्हणून दाखवलं, "आदी बटन, मंग कांदा." ओळीने तेच परत म्हटलं. एक पोक्त बाई म्हणाली, मला दाबून बघू द्या की. तिने दाबलं. मग शेजारणीने. हळदी-कुंकवात एकीला कुंकू लावून दुसरीला वगळता येत नाही, तसं ते झालं. पंधराही जणींनी तिच्या कमरेची डबी हातात घेऊन बटण दाबून पाहिलं. ती मध्ये बसून हसत होती. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मी खुशीत परतीच्या बसमध्ये बसले. निफाड आलं. एक बाई आपल्या मुलाला म्हणत होती, पुरे, पोटात जागा नाही आता. आणि मला एकदम आठवलं. त्या डबीत फक्त पाच नोंदी मावायच्या. पाच झाल्या की ती नवीन काही घ्यायचीच नाही, जुनं पुसेपर्यंत. पंधरा जणींनी बटण दाबलं होतं. डबी ठासून भरली होती, आणि ती बाई आत्ता, या क्षणी पडली असती तरी कागदावर काही उमटणार नव्हतं.

कंडक्टरला मी असं काही ओरडून सांगितलं की त्याने स्टँडच्या बाहेर बस थांबवली. लासलगावला जाणारी बस केव्हा आहे ते विचारण्याएवढाही मला धीर नव्हता. रिकामी पोती घेऊन चाललेल्या एका टेम्पोला हात केला. रस्ताभर मी त्या ड्रायव्हरला जोरात चालवा, जोरात चालवा म्हणत होते. शेवटी त्याने विचारलं, कुनी मयत झालंय का? मी नाही म्हणाले.

ती जागेवरच होती, गोल्टी निवडत. मी धापा टाकत तिच्यापुढे बसले, बटण दाबून धरलं, जुन्या नोंदी पुसल्याचा लांब आवाज आला, तेव्हा कुठे श्वास घेतला. मुकादमीण म्हणाली, "मॅडम, बसा घटकाभर. न्हाय तर तुमालाच चक्कर यील." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. आता कोणी गंमत म्हणूनही बटण दाबायचं नाही, अशी मी सगळ्यांना शपथ घातली.

यंत्र परत द्यायला दहा दिवस उरले होते. मग पाच. मग तीन. कंपनीचा माणूस रोज आठवण करत होता आणि मी त्याला थापा मारत होते. घरी माझ्याशी कोणी बोलेना. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, कोण लागते ती तुझी? मी त्याच्याशी भांडले.

दोन दिवस उरले असताना दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला. रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारायच्या आत मी तिथे पोचले होते.

"मॅडम, पडली," मुकादमिणीचा आवाज. "आदी बटन, मंग कांदा."

"शुद्धीवर आहे?"

"हाय. इतंच बसलीय. पानी पिती."

"डबी फोनला लावा."

डबी चिरकायला लागली. इकडे कागद सरकायला लागला. पहिल्यांदा ठोके, एकापाठोपाठ एक, व्यवस्थित. मग एक ठोका. मग काही नाही. कागद सरकत राहिला आणि रेघ सरळ येत राहिली. मी चौकोन मोजायला लागले, चुकले, पुन्हा मोजायला लागले. नऊ सेकंद. नऊ सेकंद तिचं हृदय थांबलेलं होतं, आणि मग एक दमलेला ठोका, मग दुसरा.

मी टाळी वाजवली. खरोखरच, रिसेप्शनसमोर, सगळ्या पेशंटांदेखत. सरळ रेघ बघून मला आनंद झाला होता. पुढच्याच क्षणी ध्यानात आलं. ही रेघ पुन्हा येऊ शकते, आज, आत्ता, आणि दुसऱ्यांदा नऊवर थांबेलच असं नाही. मी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी कागद पाहिला आणि समोरच्या पेशंटला थांबायला सांगून उठले.

"तिला आडवं ठेवायला सांगा. बसने आणायचं नाही. गाडीने, लगेच."

शेटनी स्वतःची जीप दिली. मुकादमीण बरोबर बसून आली, तिच्या मनगटावर हात ठेवून, सगळा रस्ता. त्याच संध्याकाळी हृदयात तात्पुरती तार घालून ठोके चालू ठेवले, आणि दोन दिवसांनी पेसमेकर बसवला. डबी ठरल्या दिवशी मुंबईला गेली. कडेला हळदीचा डाग राहिला होता, तो कितीही पुसला तरी निघाला नाही.

घरी सोडायच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. पेसमेकरमुळे डावा हात गळ्यात बांधलेला. मागे नवरा, त्याच्या कडेवर मुलगी. ती म्हणाली, तो कागद दावा. मी दाखवला.

"यात कुटं पडले मी?"

मी बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला केलं, स्वतःचं ठेवलं, आणि त्या सरळ रेघेवरून सावकाश पुढे नेलं, पुढचा ठोका येईपर्यंत.

"येवडा येळ?"

"हो."

"म्हंजी खरंच बंद पडलं व्हतं?"

"खरंच."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. "यावर मराटीत ल्हा."

मी झेरॉक्स काढली आणि तिच्याखाली लिहिलं, या वेळी पेशंटचं हृदय नऊ सेकंद थांबलं होतं.

"नाटक नव्हतं, आसं बी ल्हा."

"रिपोर्टवर असं लिहीत नाहीत, ताई. हवं तर डॉक्टरांना सांगते, ते सासूबाईंना समजावतील."

"डाक्टर नको. तुमीच ल्हा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती नुसतं सांगत होती. "तुमी बी म्हनल्या व्हत्या ना, टेन्शन घेऊ नका म्हनून."

मी पेन उचललं. माझ्या आयुष्यात इतकं हळू मी काही लिहिलेलं नाही. हे नाटक नव्हतं. खाली सही केली, तारीख घातली आणि दवाखान्याचा शिक्काही मारला. शिक्का मारायचा मला अधिकार नव्हता. तिने कागद पिशवीत ठेवला नाही, नवऱ्याच्या हातात दिला.

"आत्याबाईंना तुमी वाचून दावा," ती सासूबद्दल म्हणाली.

बाहेर बाकावर बसून, मुलीला मांडीवर घेऊन, त्याने तो एकदा मोठ्याने वाचून पाहिला. पहिली ओळ नीट वाचली. दुसऱ्या ओळीशी येऊन थांबला. मी दारात उभी होते. त्याला माझं अक्षर लागत नसेल असं मला वाटलं, म्हणून ती ओळ मी वाचून दाखवली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग बघितलं तर त्याला वाचता येत होतं, फक्त डोळे भरून आले होते.